बिनदेवाचा मांडव

रस्ता हा माणसांनी चालण्यासाठी केलेला असतो, अशी ठाम समजूत असलेला शेवटचा माणूस नौपाड्यात होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या घरात जन्माला आला होता. ते आमचे थोरले दीर. बाकीच्यांना रस्ता म्हणजे एका दारातून निघून दुसऱ्या दारात पोचेपर्यंत सोसायचा त्रास वाटतो. भाऊजींना गल्ली म्हणजे आपल्याच घराची बाहेरची खोली वाटे. त्यामुळे तुमच्या बैठकीतून कुणी रिक्षा नेली तर तुम्हाला जे वाटेल, तेच त्यांना गल्लीतून रिक्षा गेली की वाटायचं. बरं, ते गॅलरीतून ओरडत नसत. शर्टाची बटणं लावून खाली उतरत, रिक्षासमोर उभे राहत आणि पाहुण्याला विचारावं तसं विचारत, "कोणाकडे आलात?" रिक्षावाला गोंधळे. "कोणाकडे नाय काका, स्टेशनला चाललोय." त्यावर भाऊजी म्हणत, "मग स्टेशनच्या रस्त्याने जा. या गल्लीत लोक राहतात." रिक्षावाल्याला यातला संबंध कधीच कळत नसे, पण मागे बसलेली सवारी मात्र उगाचच ओशाळून जाई.

ते स्वतः सायकलवर असत. सायकल काळी, उंच आणि त्यांच्यासारखीच ताठ. सायकलवरचा कर बंद होऊन जमाना लोटला होता, तरी नगरपालिकेचा जुना पितळी बिल्ला त्यांनी काढला नव्हता. तो चिंचेने घासून लख्ख ठेवत. सायकलला घंटी होती, पण ती वाजवत नसत. घंटी वाजवणं म्हणजे चालत्या माणसाला 'हो बाजूला' म्हणणं, आणि हा उद्धटपणा झाला, असं त्यांचं मत. त्याऐवजी ते माणसाच्या अगदी पाठीशी येऊन कानाजवळ हळूच म्हणत, "येतोय हं." या सौजन्यापायी नौपाड्यातल्या कितीतरी भल्या माणसांनी दचकून गटारात पाय घातला. मग भाऊजी उतरून त्यांना वर काढत, लेंगा झटकून देत आणि समजावत, "घंटी वाजवली असती तर याहून दचकला असतात."

दर भाऊबीजेला ते विठ्ठलवाडीला बहिणीकडे सायकलने जायचे. लोक गाडीत बसून गप्पा संपायच्या आत पोचतात. हे शीळफाट्याची धूळ खात सकाळी निघाले की दुपार कलता कलता दारात उभे. एका वर्षी वन्संनी दार उघडलं आणि ओळखलंच नाही. घराचं काम चाललं होतं, तेव्हा हा सिमेंटवाला असेल असं वाटून "मागच्या दाराने या" म्हणाल्या, आणि भाऊजी खरोखरच मागच्या दाराने गेले. ही हकिकत थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या वहिनी, फार रंगवून सांगत. वन्सं नाकारत, भाऊजी नुसते हसत, आणि वहिनी म्हणत, "बघा, आंघोळीनंतरच ओवाळलं की नाही ते विचारा."

त्या काळात मी कोण होते म्हणाल, तर गल्लीतली पहिली मोपेडवाली. कळव्याच्या शाळेत शिकवायला जायचे आणि स्त्रीची प्रगती म्हणजे मोपेड असा माझा प्रामाणिक समज होता. गॉगल घालायचे. तो संध्याकाळीही काढत नसे, त्यामुळे दिव्याच्या खांबांशी माझा बराच जवळून परिचय झाला. आता माझी नात तो जुना फोटो बघून म्हणते, "आजी, तू इन्स्पेक्टर होतीस का?" मला तेव्हा मी त्याहूनही वरची वाटत असे. मोपेड सकाळच्या वेळी पटकन सुरू होत नसे. ती स्टँडवर चढवून मी जागच्या जागी पायडल मारत बसे, घाम पुसत, पदर सावरत. भाऊजी वरून शांतपणे पाहत आणि म्हणत, "सुमन, एवढ्या पायडलांत कळवा आलं असतं."

पण मला सांगायचं आहे ते त्या बांबूंबद्दल, आणि त्याआधी वहिनींच्या डोळ्यांबद्दल सांगायला हवं. वहिनींना काचबिंदू झाला होता. दोन्ही बाजूंचं दिसणं मिटत आलं होतं. समोरचं तेवढं, नळीतून पाहावं तसं दिसे. आम्हा घरच्यांखेरीज हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि होऊ द्यायचं नाही, अशी वहिनींनी आम्हाला शपथ घातली होती. त्यांच्या आईची म्हातारपणी नजर गेली होती आणि त्यानंतर लोक त्यांच्या आईशी कसे बोलू लागले ते वहिनींनी पाहिलं होतं. "एकदा का बिचारी झालं, की बाईला कुणी मत विचारत नाही. नुसता हात धरतात," त्या म्हणत. म्हणून ही बाई जिन्यात पावलं ऐकून आपणच आधी नाव घेऊन हाक मारी. पापलेट ताजं आहे की नाही ते कल्ल्यात बोट घालून ठरवी. चेंदणीहून येणारी कोळीण आम्हाला सांगे, "या वयनीला कोन फशवेल? हिचे बोटाला डोले हायेत." वहिनी खो खो हसत. आम्ही मात्र एकमेकांकडे बघत नसू.

त्या वर्षी मोठा रस्ता खणला आणि स्टेशनला जाणाऱ्या साऱ्या रिक्षांना आमच्या गल्लीचा शोध लागला. वहिनींचा रोज संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दत्ताच्या देवळापर्यंत एकटीने जायचा नेम होता. एके दिवशी बाजूने आलेल्या रिक्षाच्या दांड्यात त्यांचा पदर अडकला. फाटला म्हणून बरं, नाहीतर त्याच गेल्या असत्या. घरी येऊन म्हणाल्या, खिळ्याला लागला. दुसऱ्या दिवसापासून त्या देवळात गेल्या नाहीत. "गुडघे दुखतात," एवढंच. गॅलरीत बसून राहू लागल्या. बडबडी बाई हळूहळू गप्प व्हायला लागली. भाऊजींनी एकदा "मी येतो बरोबर, हात धर" म्हटलं, तर वहिनींनी असं काही पाहिलं की पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

मग गणपती आले. दरवर्षीप्रमाणे गल्लीच्या मधोमध मंडळाचा मांडव पडला, दोन्ही तोंडांना आडवे बांबू लागले आणि दर्शनाच्या रांगेसाठी या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबूचा कठडा झाला. गल्लीत चाक म्हणून फिरेना. आणि पहिल्याच संध्याकाळी वहिनी खाली उतरल्या. सहज टेकल्यासारखा एक हात कठड्यावर ठेवून देवळापर्यंत गेल्या आणि परत आल्या. एकट्या. भाऊजी तेव्हा दारात सायकलची चेन साफ करत होते. अनंत चतुर्दशीपर्यंत ते रोज संध्याकाळी तीच चेन साफ करत होते.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मांडववाला बांबू सोडायला आला. भाऊजी खाली गेले.

"राहू दे रे थोडे दिवस."

"भाऊ, बाप्पा गेले की."

"तुझं पुढचं काम कुठे आहे?"

"पितृपक्षात कसलं काम? घट बसेपर्यंत बांबू गोदामात आडवेच पडणार."

"मग इथे उभे पडू देत."

मांडववाला हसला. छताचं कापड, झालरी, आरास गुंडाळून घेऊन गेला. दोन्ही टोकांचे बांबू आणि कठडा ठेवून गेला.

यानंतर जे झालं ते फक्त आमच्याकडेच होऊ शकतं. आमच्याकडचा माणूस रस्त्यात बांबू बघितले की मुकाट्याने वळतो. कशासाठी ते विचारत नाही, कारण मांडव म्हटला की आत देव आलाच, आणि देवाला कोण विचारणार? रिक्षा आल्या तशा मागे फिरत राहिल्या. पितृपक्षात लोकांना वाटलं, नवरात्राची तयारी लवकर सुरू झाली. नवरात्रात मांडववाल्याचं दुसऱ्या बांबूंवर भागलं, आणि लोकांना वाटलं, देवी आत कुठेतरी असेल. दसऱ्याला रिक्षावाल्यांनी आपापल्या रिक्षांना हार घातले आणि उरलेला एक आमच्या बांबूला घातला. दिवाळीत कुणी तिथे कंदील टांगला, तुळशीच्या लग्नात कुणा अनोळखी आजीबाईंनी नारळ ठेवला. भाऊजी कधीही खोटं बोलत नसत. कुणी विचारलं तर खरं काय ते सांगायचं, असं त्यांनी पक्कं ठरवलं होतं. अडचण एवढीच की विचारत कुणी नव्हतं.

आणि गल्ली बदलली हो. मुली भर रस्त्यात लंगडी खेळू लागल्या. म्हाताऱ्यांनी घरातून खुर्च्या आणल्या आणि नेल्याच नाहीत. कोळीण टोपली मध्यावर मांडून ऐसपैस बसू लागली. वहिनी आधी देवळापर्यंत जायच्या, मग गिरणीपर्यंत, मग कठड्याच्या शेवटच्या बांबूपासून पलीकडच्या इस्त्रीवाल्यापर्यंत. येताना पदरात साऱ्या गल्लीच्या बातम्या घेऊन येत. त्यांचा आवाज पुन्हा जिन्यातून आधी वर यायचा आणि मागून त्या.

भाऊजींच्या राज्यात नियमही आले. वाहन आत आणायचं तर इंजिन बंद करून हाताने ढकलत. त्याला नात्याची सूट नाही. त्यामुळे गॉगल लावलेली, जॉर्जेटची साडी नेसलेली शिक्षिका रोज दुपारी आपल्याहून जड मोपेड ढकलत गल्लीतून येताना दिसू लागली. मुलं विचारत, "काकू, ढकलू का?" मी ताठ मानेने "नको" म्हणे आणि चार पावलांवर "बरं, ढकला" म्हणे. आमचे हे गॅलरीत उभे राहून हसत. आजारी माणसाची रिक्षा मात्र आत सोडत. भाऊजी स्वतः बांबू उचलत. ही सवलत कळल्यावर एक गृहस्थ "पोटात दुखतंय" म्हणून आत शिरले. भाऊजींनी त्यांना रिक्षातून हात धरून उतरवलं, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं आणि तपासणी होईपर्यंत बाहेर थांबून राहिले. गृहस्थ इंजेक्शन घेऊन बाहेर आले तेव्हा त्यांची गाडी चुकली होती. "आता बरं वाटतंय ना?" भाऊजींनी मनापासून विचारलं.

मार्गशीर्षात लग्नसराई लागली आणि मांडववाल्याला बांबू हवे झाले. तो गल्लीतल्या भुसार दुकानाच्या पायरीवर उभा राहून, चारचौघांत, अगदी निर्मळ मनाने म्हणाला, "भाऊ, देव तर केव्हाचेच गेले. बांबू द्या की आता." दुकानदाराने हातातला तराजू खाली ठेवला. गणपतीपासून त्याची कित्येक पोती टेम्पोतून उतरून कोपऱ्यापासून हमालाच्या पाठीवरून आली होती, आणि देवाचं आहे म्हणून तो गप्प बसला होता. संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला कळलं की या मांडवात देव नव्हताच.

रविवारी सकाळी आमच्याच इमारतीच्या गच्चीवर सभा भरली. डॉक्टर मध्ये बसले, कारण डॉक्टर सगळ्यांचेच होते. मीही भाषण तयार केलं होतं. मोपेडवाली म्हणून बांबूंच्या विरुद्ध आणि वहिनींची जाऊ म्हणून बांबूंच्या बाजूने, असं ते दोन्हीकडून चालणारं भाषण होतं आणि 'आदरणीय गल्लीकर' अशी त्याची सुरुवात होती. सुदैवाने ते कुणी करू दिलं नाही.

"भाऊ, माझी पोती चालत येत नाहीत," दुकानदार म्हणाला.

"वळसा पडतो हे कबूल," भाऊजी म्हणाले. "पण आजवर चालणाऱ्यांनी वळसे घातले. आता थोडे दिवस यंत्रांनी घालावेत."

डॉक्टर म्हणाले, "ते ठीक आहे. उद्या एखादी बाळंतीण अडली तर बांबू उचलायला तुम्ही असाल?"

"असेन."

"आंघोळीला गेला असाल तर?"

"मी पहाटे करतो. बाळंतिणींना तसं कळवा."

गच्ची हसली. दुकानदारही हसला. कोळीण जिन्याच्या तोंडाशी उभी होती, ती म्हणाली, "बांबू हायेत तं मना बरा हाय. रिक्शावाल्यानं माजी टोपली उरवली तवा सभा नाय भरवली कोनी." लंगडीवाल्या मुलींच्या आयांनी माना डोलावल्या. वारं आमच्या बाजूने फिरतंय असं वाटायला लागलं. भाऊजींना मग जोर चढला आणि ते फुप्फुसं, झाडं, आवाजाने आटणारं गाईचं दूध, असे एकेक मुद्दे काढू लागले. आमच्या गल्लीत गाय नव्हती. लोक पुन्हा चुळबुळायला लागले. एकच मुद्दा खरा होता, तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर अंबाडा नीट घालून बसला होता, आणि तोच काढायची बंदी होती.

डॉक्टर भला माणूस. वाट काढावी म्हणून म्हणाले, "भाऊ, दत्तजयंती येतेच आहे. बांबू दत्ताच्या उत्सवाचे आहेत असं म्हणा. तोवर राहू देत. पुढचं पुढे."

एक 'हो' म्हणायचं होतं. दुकानदारानेही मान हलवली होती. भाऊजी म्हणाले, "नाही. देवाला मध्ये घेऊ नका. ते मी ठेवलेत."

"पण कशासाठी?" डॉक्टरांनी विचारलं. थट्टेने नाही, खरंच विचारलं. "काही कारण असेल तर सांगा. आम्ही काही परके नाही."

भाऊजींनी वहिनींकडे पाहिलं. मी खुर्चीतून अर्धी उठले होते. वहिनींची बोटं माझ्या मनगटावर घट्ट मिटली. "बस," त्या हळू म्हणाल्या. मी बसले.

"मला आवडतात," भाऊजी म्हणाले.

"काय आवडतात?"

"बांबू."

मग गच्ची हसली ती थांबेचना. हात वर करून मत घ्यायचं ठरलं. बांबू राहावेत असं वाटणाऱ्यांनी हात वर करा म्हटल्यावर वहिनींनी आपला हात वर केला आणि मला विचारलं, "किती आहेत गं आपल्या बाजूने?" त्यांना समोरचे तेवढे दिसत होते आणि समोर डॉक्टर हात बांधून बसले होते. मी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हटलं, "आहेत की."

दुपारी बांबू सुटले. भाऊजीच ते हातगाडीवर चढवू लागले. कठडा सोडताना मात्र ते गाठी फार सावकाश सोडत होते. संध्याकाळी मी त्यांच्याकडे भाजी द्यायला गेले तेव्हा वहिनी म्हणत होत्या, "सांगायचं होतंत."

"तू नको म्हणाली होतीस."

"मी काय, मी कशालाही नको म्हणते."

मी वाटी ठेवली आणि परत आले. पुढे कितीतरी वर्षं मला वाटत राहिलं, की त्या गच्चीवर एकही वाईट माणूस नव्हता. डॉक्टरांना कळतं तर त्यांनी स्कूटर जन्मभर कोपऱ्यावर लावली असती. दुकानदाराने स्वतः पोती वाहिली असती. आणि वहिनी बिचारी झाल्या असत्या. यातलं काय बरं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

चारेक दिवसांनी संध्याकाळी भाऊजी सायकल घेऊन निघाले, आणि बसले नाहीत. सायकल नेहमीच्या उलट्या बाजूने, म्हणजे रस्त्याच्या अंगाने धरून ढकलत निघाले. भिंतीच्या बाजूने वहिनी, एक हात सहज कॅरिअरवर ठेवलेला. मध्ये सायकल. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारीने नवऱ्याशी बोलता बोलता हात टेकलाय. देवळापर्यंत गेले आणि परत आले. रिक्षा पाठीमागून हॉर्न वाजवत राहिल्या. भाऊजी रस्त्याच्या बाजूला सरकले नाहीत की आत झाले नाहीत.

मग रोजच तसं सुरू झालं. शीळफाटा ओलांडून बहिणीकडे जाणारा माणूस सायकल असून पायी हिंडतो, याची गल्लीला मोठी मौज वाटली. दुकानदार पायरीवरून विचारे, "भाऊ, काय झालं?"

"पंक्चर आहे," भाऊजी म्हणत.

दत्ताला मध्ये घालून एक 'हो' म्हणायला ज्यांची जीभ रेटली नव्हती, ते रोज संध्याकाळी, देवळाच्या वाटेवर, न चुकता खोटं बोलू लागले. पावसाळ्यात पंक्चर, उन्हाळ्यात पंक्चर. नौपाड्यातल्या पोरांनी त्या सायकलचं नावच पंक्चर ठेवलं. एकदा डॉक्टरांनी स्कूटर थांबवून सांगितलं, "भाऊ, ट्यूब बदला हो." भाऊजी म्हणाले, "बदलतो." वहिनी पलीकडून म्हणाल्या, "मी किती दिवस सांगतेय, ऐकतात कुठे?" आणि दोघं चालू लागले. वहिनींना शेवटी शेवटी काहीच दिसत नव्हतं, तेव्हाही समोरून कुणाची चप्पल वाजली की त्या आधी नाव घेऊन हाक मारत.

त्या गेल्या त्या एका हिवाळ्यात. मांडीवरच्या नातवाला गोष्ट सांगता सांगता गेल्या. डोळ्यांचं डॉक्टरांना तेव्हा कळलं, आमच्याच कुणाच्या तरी बोलण्यातून. ते येऊन भाऊजींशेजारी सतरंजीवर बसले. उठताना म्हणाले, "भाऊ, त्या दिवशी मी विचारलं होतं हो तुम्हाला." भाऊजींनी त्यांचा हात थोपटला.

पुढे काही महिन्यांनी मी मोपेडवरून येत होते. गॉगल तोवर सुटला होता, गुडघे कुरकुरायला लागले होते आणि गल्लीत आता रिक्षांच्या जोडीला मोटारीही आल्या होत्या. त्यातून भाऊजी सायकल ढकलत चालले होते, देवळाकडे. मी गाडी बंद केली, उतरले आणि ढकलत त्यांच्या बरोबर चालायला लागले. म्हटलं, "भाऊजी, आता तरी बसा हो सायकलवर. पाय दुखत नाहीत का?"

"बसलो होतो परवा," ते म्हणाले.

"मग?"

"फार लवकर पोचलो."

एवढं बोलून त्यांनी सायकल जरा सरळ केली आणि, भिंतीच्या बाजूला एक माणूस मावेल इतकी जागा सोडून, ते पुढे चालू लागले.